ग्रीक-रोमन विद्येची उघडी दारे आणि मराठीचा विद्यार्थी



पाश्चात्त्य साहित्यशास्त्राचा घटक सुरू झाला की संपर्कसत्रात एक प्रश्न हमखास येतो. चिंचवडच्या एका वर्गात तो अगदी सरळ शब्दांत आला. रात्रपाळी संपवून, घरी न जाता थेट वर्गात आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, चाकणला गाड्यांचे सुटे भाग जोडणाऱ्या माणसाला तेवीसशे वर्षांपूर्वीच्या ॲरिस्टॉटलशी काय देणेघेणे? आम्ही टीप पाठ करतो, गुण मिळवतो. तेवढे पुरे नाही का?" त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ग्रीक आणि रोमन संस्कृतीच्या अभ्यासाची साधने आज घरबसल्या, एक रुपयाही न मोजता उपलब्ध आहेत. पूर्वी ती मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, मोजक्या लोकांच्या हाती होती. म्हणून आता टीप पाठ करण्यावर समाधान मानणे म्हणजे आपला हक्क आपणच सोडून देणे होय. मात्र केवळ 'मोफत' आहे म्हणून ज्ञान आपोआप आपले होत नाही. ते आपले कसे करावे, याचाही विचार करावा लागतो.

टीप आणि मूळ ग्रंथ

'कॅथार्सिस' या संकल्पनेचेच उदाहरण घ्या. बाजारातील मार्गदर्शकांत तिच्यावर चार-पाच ओळींची टीप असते : करुणा आणि भीती या भावना जागवून शोकात्मिका त्यांचे विरेचन करते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. वाचणाऱ्याचा समज असा होतो की, ॲरिस्टॉटलने हा सिद्धान्त सविस्तर मांडला असावा. आता मूळ ग्रंथ उघडा. 'काव्यशास्त्र' हा २६ छोट्या प्रकरणांचा ग्रंथ आहे, एस. एच. बुचर यांचे इंग्रजी भाषांतर 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या संकेतस्थळावर मोफत मिळते. सहाव्या प्रकरणात शोकात्मिकेची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत हा शब्द येतो. पण त्याचा खुलासा पुढे कोठेच येत नाही. 'राज्यशास्त्र' या ग्रंथाच्या आठव्या भागात संगीताची चर्चा करताना ॲरिस्टॉटल म्हणतो की, याचे स्पष्टीकरण काव्याविषयीच्या ग्रंथात करीन. तो ग्रंथ आज ज्या रूपात आपल्यापर्यंत आला आहे, त्यात ते स्पष्टीकरण नाही. म्हणजे विरेचन, शुद्धी, ज्ञानात्मक उलगडा अशा ज्या उपपत्ती आपण वाचतो, त्या एका रिकाम्या जागेवर पुढच्या विद्वानांनी उभ्या केल्या आहेत. मार्गदर्शकाने ही रिकामी जागा झाकून टाकली आणि आपल्याला पाठांतराला लावले.

दुसरे उदाहरण स्थल, काल आणि कृती या तीन ऐक्यांचे. ती सरसकट ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितली जातात. मूळ ग्रंथात कृतीच्या ऐक्याचा आग्रह आहे. काळाविषयी, शोकात्मिका साधारणपणे सूर्याच्या एका फेऱ्याइतक्या अवधीत राहण्याचा प्रयत्न करते, असा ओझरता उल्लेख आहे. स्थलाच्या ऐक्याचा नियम मात्र नाही. तीन ऐक्यांचा पक्का नियम १५७० मध्ये कास्तेलव्हेत्रो या इटालियन टीकाकाराने घडवला. ही गोष्ट आपण स्वतः, मोबाइलवर, एका सुटीच्या दुपारी पडताळून पाहू शकता. पाठ केलेल्या विधानाची स्वतः शहानिशा करण्याचा आनंद एकदा घेतला की परीक्षेची भीती पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

इंग्रजीचा धसका असेल, तर मराठीतून सुरुवात करा. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे 'काव्यशास्त्र' मराठीत आणले आहे. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीजचे नाटक 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत केले. ही पुस्तके आपल्या गावच्या वाचनालयात मागा. मराठी विश्वकोश तर महाजालावर संपूर्ण आणि मोफत खुला आहे. त्यातील 'ॲरिस्टॉटल' आणि 'ग्रीक साहित्य' या नोंदी आधी वाचून मग इंग्रजीकडे वळलात, तर वाट निम्मी सोपी होते. आणि ग्रीक साहित्य मराठीला परके आहे असेही समजू नका. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत इसापाच्या कथा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने त्यांचे भाषांतर छापले गेले. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आली. लहानपणी ऐकलेली कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट ही आपली ग्रीकांशी झालेली पहिली ओळख आहे.

आपल्या दारातले यवन

"आधी आपले वाचा, मग परक्यांचे" असा एक आक्षेप असतो. तो मला मान्य आहे. म्हणूनच आपल्या दारातून सुरुवात करू.

पिंपरी, चिंचवड किंवा आकुर्डीहून लोणावळ्याची लोकल धरा, मळवलीला उतरा. एकवीरा आईच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. देवळाशेजारीच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास कोरलेल्या त्या दालनातील खांब पाहा. त्यांतील अनेकांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत, आणि त्या दात्यांपैकी काही जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. धेनुकाकट या गावचा अमुक यवन, त्याने दिलेला हा खांब, इतकाच तो मजकूर असतो.

आता दुसरा रस्ता. भोसरीहून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असे करीत जुन्नरला जा. तेथील लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांच्या दानांचे लेख आहेत. इरिलाचा लेख असा : 'यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो.' म्हणजे, गत समूहातील यवन इरिल याचे धर्मदान, दोन पाणपोढ्या. यातील 'बे' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणताना आपण जो 'बे' म्हणतो तोच हा. एका परदेशी म्हणवणाऱ्या माणसाने आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत, प्राकृतात, स्वतःचे नाव आणि आपले दान कोरून ठेवले. भाषेच्या इतिहासाचा घटक आणि ग्रीक संस्कृतीचा घटक हे दोन वेगवेगळ्या पुस्तिकांत असतात. जुन्नरच्या कातळावर ते एका ओळीत आहेत.

'यवन' या शब्दाचा प्रवासही मराठीच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखा आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया हा ग्रीकांचा प्रदेश. प्राचीन इराणी भाषेत तेथील लोकांना 'यौन' म्हणत. त्यावरून आपल्याकडे 'योन', 'यवन' आले. पुढे या शब्दाचा अर्थ सैल होत गेला आणि बखरींच्या काळापर्यंत तो मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला. म्हणून कार्ल्याचे यवन नेमके कोण, यावर विद्वानांत मतभेद आहेत. कोणी त्यांना ग्रीक मानतात, कोणी पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून बौद्ध झालेले लोक, तर कोणी रोमन साम्राज्यातून आलेले व्यापारी. त्यांची नावे पुष्कळदा भारतीय वळणाची आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. हे सारे वाद आपण मुळातून वाचू शकता. कार्ल्याच्या लेखांचे एमिल सनार यांनी केलेले वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात आहे आणि तो खंड 'इंटरनेट आर्काइव्ह' या संकेतस्थळावर मोफत मिळतो.

याच संकेतस्थळावर 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकाचे विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेले इंग्रजी भाषांतर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका अनाम व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रव्यापाराची मार्गदर्शिका. त्यात पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. पैठणहून भडोचच्या बंदराकडे अकीकासारखे खडे जात, तेरहून सुती कापड जाई. हा माल गाड्यांतून, बिकट वाटांनी नेला जाई. बदल्यात इटलीचे मद्य, तांबे, कथील, पोवळे येई. चाकणहून न्हावाशेवा बंदराकडे निघणाऱ्या कंटेनरची कागदपत्रे आपल्यापैकी कोणी दररोज तयार करीत असेल. त्याला हे पुस्तक परके वाटणार नाही. मालाची यादी, बंदराची खोली, कोणत्या राजाच्या हद्दीत अडवणूक होते, हेच त्यातले विषय आहेत. जुन्नरचा माल नाणेघाटातून कोकणात उतरे, तो घाट आजही आपण चढून पाहू शकतो.

या व्यापाराच्या खुणा दोन्ही टोकांना सापडल्या आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतेजुळते हस्तिदंती काम आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडले आहे. इकडे कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली. ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात आहे. 'आपले' आणि 'परके' यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

ॲरिस्टॉटलशी भांडण्याचा हक्क

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. कारखान्यात काम करणाऱ्याने ग्रीक का वाचावेत?

ॲरिस्टॉटलचे 'राज्यशास्त्र' उघडा. बेंजामिन जोवेट यांचे इंग्रजी भाषांतर 'इंटरनेट क्लासिक्स आर्काइव्ह' या संकेतस्थळावर आहे. पहिल्याच भागात गुलाम हे जिवंत अवजार आहे, असे तो प्रतिपादन करतो. तिसऱ्या भागात तो म्हणतो की, उत्तम राज्य हाताने काम करणाऱ्या कारागिराला नागरिक करणार नाही. त्याच्या मते विचार करायला फुरसत लागते आणि ती श्रमणाऱ्याला नसते. ग्रीक भाषेत फुरसतीला 'स्खोले' म्हणतात आणि त्याच शब्दावरून इंग्रजी 'स्कूल' आला आहे. म्हणजे ज्याच्याकडे फुरसत त्याचीच शाळा. रात्रपाळी करून वर्गात येणारा विद्यार्थी ॲरिस्टॉटलच्या हिशेबात बसतच नाही.

परंतु त्याच पहिल्या भागात एक विलक्षण कल्पना आहे. धोटे आपोआप विणू लागले, वाद्य आपोआप वाजू लागले, प्रत्येक अवजार आपले काम ओळखून स्वतःच करू लागले, तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. त्याच्या दृष्टीने ही अशक्य गोष्ट होती. आपल्या पट्ट्यातील कारखान्यांत वेल्डिंग करणारे यांत्रिक हात आज ती करीत आहेत. मग फुरसत कोणाला मिळाली? काम वाचले ते कोणाचे, आणि काम गेले ते कोणाचे? हा प्रश्न परीक्षेच्या टिपेत कधीच येणार नाही. तो यंत्राशेजारी उभ्या असलेल्या वाचकालाच सुचू शकतो. ग्रीक ग्रंथांना असे वाचक फार थोडे मिळाले आहेत. त्या वाचनात आपल्याजवळ असे काही आहे, जे ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाजवळ नसेल.

या वाटेवर आपल्या आधी एक मोठा माणूस चालून गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या ग्रंथात चातुर्वर्ण्याची चर्चा करताना प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधील तीन वर्गांची व्यवस्था तपासली. माणसांना दोन-तीन ठरावीक खणांत कोंबता येत नाही, प्रत्येक व्यक्ती निराळी असते, हा त्यांचा आक्षेप होता. प्लेटोचे नाव मोठे म्हणून त्यांनी मान तुकवली नाही आणि तो परका म्हणून दूरही ढकलला नाही. त्यांनी तो वाचला, आणि वाचून त्याच्याशी वाद घातला. आंबेडकरांचा हा ग्रंथ आणि प्लेटोचा ग्रंथ, दोन्ही आज महाजालावर मोफत आहेत. दोन्ही समोर ठेवून वाचा. अभिजात ग्रंथांचा अभ्यास म्हणजे त्यांची पूजा असा जो समज आपल्याकडे आहे, तो मग टिकणार नाही.

साधने कशी वापरावीत

साधनांची यादी लांबवणे हा या लेखाचा हेतू नाही. यादीनेच विद्यार्थी घाबरतो. तरीही चार-पाच नावे सांगतो. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे 'पर्सियस' हे अंकीय ग्रंथालय ग्रीक आणि लॅटिन मूळ संहिता देते. तेथे एखाद्या शब्दावर बोट ठेवले की त्याचे व्याकरणिक रूप आणि कोशातील अर्थ दिसतो. 'कॅथार्सिस' हा शब्द वैद्यकात, धर्मविधीत आणि रोजच्या भाषेत कसा वापरला जाई, हे त्या कोशात पाहता येते. 'लाकुस कुर्तियुस' या संकेतस्थळावर स्ट्रेबोचा भूगोल आणि इतर अनेक ग्रंथ आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 'ऑर्बिस' हा नकाशा रोमन साम्राज्यात एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला किती दिवस आणि किती खर्च लागे याचा अंदाज देतो. खुष्कीपेक्षा समुद्रमार्ग किती स्वस्त पडे हे तो एका दृष्टिक्षेपात दाखवतो. येल विद्यापीठाने प्राचीन ग्रीक इतिहासावरील डोनल्ड केगन यांची व्याख्याने मोफत ठेवली आहेत. आणि आपल्यासारखेच दूरशिक्षण देणाऱ्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या 'ओपनलर्न'वर ग्रीक-लॅटिन भाषांचे प्राथमिक पाठ आहेत.

मात्र तीन गोष्टींचे भान ठेवा. पहिली : मोफत मिळणारी भाषांतरे बहुधा जुनी असतात, कारण स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळेच ती मोफत झालेली असतात. शॉफ किंवा जोवेट यांच्या भाषेत आणि टीपांत त्यांच्या काळाचे, साम्राज्याचे पूर्वग्रह आहेत. गुलामगिरीसारख्या विषयावर ते शब्द कसे निवडतात, याकडे लक्ष द्या. दुसरी : यंत्राने केलेल्या मराठी अनुवादावर विसंबू नका. अडलेल्या वाक्याचा सूर समजण्यापुरता त्याचा उपयोग करा. उत्तरपत्रिकेत किंवा स्वाध्यायात तो उतरवू नका. तिसरी : एका वेळी एकच ग्रंथ. वीस संकेतस्थळे साठवून ठेवणारा विद्यार्थी बहुधा एकही वाचत नाही. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता रोज वीस मिनिटे मिळत असतील, तर 'काव्यशास्त्रा'चे एक प्रकरण एका दिवसात होते. जेथे वाय-फाय मिळेल तेथे पुस्तक उतरवून घ्या, म्हणजे घाटात किंवा गावी नेटवर्क नसले तरी वाचन थांबत नाही. आणि एक वही ठेवा. वाचलेल्या प्रत्येक प्रकरणावर स्वतःच्या मराठीत पाच ओळी लिहा.

देणे

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही सारी साधने मोफत असली तरी ती जवळजवळ सगळी इंग्रजीत आहेत. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याच्यासाठी ते दार उघडे असूनही उंबरठा उंच आहे. तो उंबरठा परदेशी विद्यापीठ येऊन उतरवून देणार नाही. ते काम मराठीच्या विद्यार्थ्यांचेच आहे. मराठी विकिपीडिया आणि मराठी विकिस्रोत यांवर कोणीही लिहू शकतो, आणि तेथे या विषयांवर लिहिण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे. जुन्नरच्या यवन लेखांवर एक नीट नोंद, 'पेरिप्लस'मधील महाराष्ट्राविषयीच्या भागाचा सारांश, 'काव्यशास्त्रा'च्या एका प्रकरणाचा परिचय, एवढे जरी आपल्या अभ्यासकेंद्रातील एका गटाने वर्षभरात केले, तरी पुढच्या तुकडीची वाट सोपी होईल. अभ्यासकेंद्रांनीही संपर्कसत्रातील एक तास टिपा सांगण्याऐवजी मूळ ग्रंथ एकत्र वाचण्यासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समंत्रकाला सगळे येत नसले तरी चालेल. तो बरोबर बसून वाचतो आहे, एवढे पुरेसे आहे.

इरिलाने जुन्नरला दोन पाणपोढ्या दिल्या. तो कोठून आला यावर विद्वान वाद घालत राहतील. पण वाटसरूंना आणि भिक्षूंना पाणी मिळावे म्हणून त्याने काय दिले हे त्याने आपल्या भाषेत लिहून ठेवले, म्हणूनच आज आपण त्याचे नाव घेतो. आपल्यालाही जगभरच्या विद्येचे पाणी फुकट मिळत आहे. त्यातले थोडे तरी मराठीच्या पोढीत भरून ठेवणे, हे आपले देयधर्म आहे.

तेव्हा येत्या सुटीला मळवलीची लोकल धरा. जाताना 'काव्यशास्त्रा'चे सहावे प्रकरण वाचा, पोहोचल्यावर खांबांवरची अक्षरे पाहा आणि परत येताना वहीत एक पान लिहा. पुढच्या संपर्कसत्राला ते पान घेऊन या. आपण तेथूनच पुढे बोलू.